शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णाची औषधं घरी सांभाळताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्गच्या किनारपट्टीवर घरी रुग्ण सांभाळणारी माणसं जे विचारतात, ते इथे एकत्र केलं आहे. आजार कॅन्सरचा असेल, हृदयाचा, किडनीचा किंवा अर्धांगवायूचा. "आता घरी न्या, त्रास तेवढा होऊ देऊ नका" असं डॉक्टरांनी सांगितलं की पुढचं सगळं घरच्यांच्या हातात येतं. त्यात औषधांचाच गोंधळ सगळ्यात मोठा असतो. खाली दिलेले डोस नेहमीच्या वापरातले आहेत. तुमच्या रुग्णासाठी त्याच्या चिठ्ठीवर लिहिलेला डोसच खरा.

मुंबईहून डिस्चार्ज घेऊन गावी आलो. पिशवीत चौदा प्रकारच्या गोळ्या आहेत. सुरुवात कुठून करायची?

माजघरात चटई टाका आणि घरातलं झाडून सगळं औषध तिच्यावर ओता. मुंबईची पिशवी, तालुक्याच्या डॉक्टरांची पुडी, फडताळातला जुना डबा, उशीखालच्या दोन सुट्या गोळ्या, सगळं. मग ब्रँडचं मोठं नाव सोडून त्याखाली बारीक अक्षरात छापलेलं मूळ औषधाचं नाव वाचा. एकाच औषधाची दोन नावं इथेच सापडतात. मुंबईच्या डॉक्टरांनी पित्तावरचं पॅन्टोप्राझोल एका नावाने दिलेलं असतं, गावच्या डॉक्टरांनी दुसऱ्या नावाने, आणि रुग्ण दोन्ही घेत असतो.

पॅरासिटामॉलकडे जरा नीट बघा. दुखण्यावरच्या ट्रॅमाडॉलच्या जोडगोळीत ते ३२५ मि.ग्रॅ. असतं, तापाच्या गोळीत ५०० किंवा ६५०, सर्दीच्या गोळीतही असतंच. धडधाकट प्रौढाला दिवसभरात ४ ग्रॅम ही वरची मर्यादा. पण आपला रुग्ण वाळून चाळीस किलोवर आलेला असतो, किंवा त्याचं यकृत थकलेलं असतं. अशा माणसाला २ ते ३ ग्रॅमच्या पुढे जायचं नाही. बेरीज कागदावर मांडून करा, तोंडी केलेली चुकते.

आता एकेक स्ट्रिप उचलून "ही कशासाठी?" असा प्रश्न घाला. घरात कोणालाच उत्तर देता आलं नाही, तर ती स्ट्रिप बाजूला ठेवा. फेकू नका आणि स्वतःच्या मनाने बंदही करू नका. बाजूच्या ढिगाचा फोटो काढून डॉक्टरांना पाठवा.

कुठल्या गोळ्या बंद करता येतात?

घरच्यांना वाटतं त्याहून बऱ्याच जास्त. ज्या गोळीचा फायदा पाच-दहा वर्षांनी दिसायचा, ती आता नुसती गिळायचं ओझं आहे. कोलेस्टेरॉलच्या स्टॅटिन गोळीचं उदाहरण घ्या. आयुष्य थोडं उरलेल्या ३८१ रुग्णांवर अमेरिकेत केलेला अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. ही गोळी थांबवल्याने नुकसान झालं नाही, उलट थांबवलेल्यांना थोडं बरंच वाटलं, असं त्यात दिसलं. कॅल्शियम, लोह, मल्टिव्हिटॅमिन, हाडांची आठवड्याची गोळी हीसुद्धा बहुधा पहिल्या फेरीतच जातात. लोहाने बद्धकोष्ठ वाढतं, तो त्रास निराळाच.

ब्लड प्रेशरच्या गोळ्यांचं तसंच आहे. वजन उतरलं, खाणं कमी झालं की प्रेशर आपोआप खाली येतं. पूर्वीच्या डोसवर राहिलं की माणूस परसात जायला उठतो आणि भोवळ येऊन पडतो. वरचा आकडा शंभरच्या आसपास रेंगाळत असेल तर डॉक्टरांना लगेच विचारा.

काही औषधं मात्र एका दिवसात तोडायची नसतात. फिट्सच्या गोळ्या, तीन आठवड्यांहून जास्त घेतलेलं स्टिरॉइड, मेटोप्रोलॉल आणि अ‍ॅटेनोलॉलसारख्या नाडी मंदावणाऱ्या गोळ्या, क्लोनिडिन, वर्षानुवर्षं चाललेली झोपेची गोळी. ही हळूहळू उतरवतात किंवा तोंडाने जाईनाशी झाली की दुसऱ्या वाटेने देतात. हृदय कमजोर असलेल्याची लघवी वाढवणारी गोळी बहुतेक वेळा शेवटपर्यंत चालू ठेवतात, कारण तिने धाप कमी होते. रक्त पातळ करणाऱ्या गोळीचा निर्णय सर्वस्वी डॉक्टरांचा. तिथे घरचा तर्क चालत नाही.

बंद करायच्या गोळ्या एका वेळी एकच कमी करा आणि तीन-चार दिवस थांबा. पाच गोळ्या एकदम बंद केल्या आणि काही बिघडलं, तर दोष कुठल्या गोळीचा हे कळणार नाही.

बाबा जेमतेम दोन घास खातात. साखरेची गोळी द्यायची का?

विचारल्याशिवाय देऊ नका, विशेषतः ग्लिमेपिराइड किंवा ग्लिक्लाझाइड. या गोळ्या पोटात अन्न आहे की नाही हे बघत नाहीत, साखर खाली आणतातच. किडनी मंदावली असेल तर परिणाम दुसऱ्या दिवसापर्यंत रेंगाळतो. घाम, थरथर, असंबद्ध बोलणं आणि मग गुंगी दिसली आणि दुखण्यावर मॉर्फिन चालू असलं की घरचे म्हणतात, "मॉर्फिनची झोप आहे." आधी साखर तपासा. शुद्धीवर असेल तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून पाजा. शुद्ध नसेल तर तोंडात काहीही घालू नका, १०८ ला फोन करा.

रिकाम्या पोटी ११० चा हट्ट आता सोडायचा. तहान आणि सारखी लघवी होणार नाही इतपत, म्हणजे दोनशे-अडीचशेपर्यंतची साखर या टप्प्यात बहुतेक डॉक्टर चालवून घेतात. लहान वयापासून इन्सुलिनवर असलेल्या टाइप १ च्या रुग्णाचं इन्सुलिन मात्र पूर्ण कधीच बंद करत नाहीत. डोस कमी करतात.

तक्ता कसा लिहावा?

वहीत नको, भिंतीवर लावा. वही कोण कुठे ठेवील सांगता येत नाही. जुन्या कॅलेंडरच्या पानाची पाठ छान चालते. डावीकडे औषधाचं नाव, त्याच्या खाली ते कशासाठी हे मराठीत ("दुखण्यासाठी", "शौचासाठी"), शेजारी स्ट्रिपचा रिकामा तुकडा चिकटवलेला. अक्षरं न वाचणाऱ्या आजीला रंगावरून ओळखता येतं. पुढे वेळांचे रकाने आणि प्रत्येक डोस दिल्यावर खूण. देणाऱ्याने खुणेशेजारी आपलं एक अक्षर लिहायचं. सून म्हणते "मी दिली", मुलगा म्हणतो "मीही दिली", हा प्रकार त्याने थांबतो.

तळाला वेगळी चौकट ठेवा, "अधूनमधून दिलेली". जादा डोस किती वाजता दिला, कशासाठी दिला, तासाभराने बरं वाटलं का, एवढंच. डॉक्टर पुढचा डोस याच चौकटीवरून ठरवतात. ती नसली तर त्यांना अंदाजाने काम करावं लागतं.

औषधाची जबाबदारी एकाच माणसाकडे द्या. शेतीच्या, बागेच्या कामाला तो बाहेर जाणार असेल तर दुसरा कोण, तेही तक्त्यावर लिहा.

मॉर्फिन म्हणजे शेवट आलाच, असं शेजारी म्हणतात. सवय लागते का? जीव लवकर जातो का?

दुखणं आहे म्हणून, मोजून, वेळेवर दिलेल्या मॉर्फिनने आयुष्य कमी होत नाही. ते आधी सुरू केलेला माणूस कित्येकदा महिनोन्‌महिने जेवतो, झोपतो, ओटीवर येऊन बसतो. औषध अचानक तोडलं तर अंगाला त्रास होतो, म्हणून ते उतरवत उतरवत बंद करतात. त्याला व्यसन म्हणत नाहीत. व्यसन म्हणजे नशेच्या ओढीने औषधामागे धावणं. वेदनेसाठी घेणाऱ्यात ते क्वचितच दिसतं.

पहिले दोन-तीन दिवस गुंगी येते, मळमळतं. हे दोन्ही बहुधा आपोआप जातं. घरचे याच तीन दिवसांत घाबरून गोळी थांबवतात आणि रुग्ण पुन्हा कळवळू लागतो. त्या दिवसांपुरती मळमळीची गोळी डॉक्टरांकडून आधीच मागून ठेवा.

मॉर्फिनच्या वेळा कशा पाळायच्या? दुखलं की देतो, ते बरोबर आहे का?

नाही, आणि सगळ्यात जास्त चूक इथेच होते. साध्या मॉर्फिनच्या गोळीचा असर चार तासांचा. दुखणं वर येईपर्यंत थांबलं, तर ते दाबायला जास्त औषध लागतं आणि तोवर अर्धा तास रुग्ण तळमळतो. म्हणून घड्याळावर द्यायची: सकाळी ६, १०, दुपारी २, संध्याकाळी ६ आणि रात्री १०. रात्री १० ला दुप्पट डोस देण्याची पद्धत आहे, म्हणजे पहाटे २ ला कोणाला उठावं लागत नाही. डॉक्टरांनी तसं लिहून दिलं असेल तरच द्या.

समजा डोस १० मि.ग्रॅ.चा आहे. चार वेळा दहा आणि रात्री वीस, म्हणजे दिवसाचे ६० मि.ग्रॅ. मधेच दुखणं उसळलं तर जादा डोस दिवसाच्या बेरजेचा सहावा भाग, म्हणजे १० मि.ग्रॅ. तो दिल्याने पुढची ठरलेली वेळ चुकवायची नाही. दुपारी १ ला जादा दिला तरी २ ची गोळी २ लाच. चोवीस तासांत तीनपेक्षा जास्त वेळा जादा लागला, तर मूळ डोस अपुरा आहे. डॉक्टरांना कळवा. घरच्या घरी वाढवू नका.

म्हाताऱ्या, वाळलेल्या किंवा किडनी अधू असलेल्या माणसाला सुरुवात २.५ मि.ग्रॅ.पासून करतात, तीही कधी कधी जास्त अंतराने. १० ची गोळी चतकोर करायची तर ब्लेडने कागदावर करा, हाताने मोडली की भुगा होतो. धापेवरसुद्धा हेच औषध, याहून लहान किंवा एवढ्याच डोसात दिलं जातं. दुखणं नसताना ही गोळी का, असं मेडिकलवाला विचारील. डॉक्टरांनी कारण चिठ्ठीवर लिहिलेलं असलं की तो वाद मिटतो.

शौचाला तीन दिवस झाली नाही. इसबगोल देऊ का?

देऊ नका. इसबगोलाला भरपूर पाणी लागतं आणि हा माणूस दिवसाला दोन पेले पाणी जेमतेम पितो. भुसी आतड्यात लगद्यासारखी बसते आणि अडकलेलं आणखी अडकतं. मॉर्फिनबरोबर पहिल्या दिवसापासून रेच लागतोच: रात्री बिसाकोडिल ५ मि.ग्रॅ.च्या एक-दोन गोळ्या, किंवा सेना (सोनामुखी). शौच कोंडल्यावर नाही, आधीपासून. मॉर्फिनच्या बाकीच्या त्रासांची शरीराला सवय होते, या त्रासाची होत नाही. बिसाकोडिल दुधाबरोबर देऊ नका, वरचं आवरण जठरातच विरघळतं आणि पोटात मुरडा येतो.

तीन दिवस झाले असतील तर गुदद्वारातून द्यायची वडी किंवा एनिमा, नर्सला विचारून. एक फसवं लक्षण लक्षात ठेवा: पातळ पाण्यासारखं थोडं थोडं गळतं आणि घरचे जुलाबाची गोळी देतात. आत खडा अडकलेला असतो, त्याच्या बाजूने ते पाझरत असतं.

मॉर्फिन गावच्या मेडिकलमध्ये मिळत नाही. कुठून आणायचं, किती ठेवायचं?

१९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्यात २०१४ साली दुरुस्ती झाली. तेव्हापासून मॉर्फिन, फेन्टॅनिल धरून सहा औषधं ठेवायला परवान्यांचं जुनं जंजाळ उरलं नाही, मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थेला ती ठेवता येतात. तरी प्रत्येक तालुक्यात अशी संस्था नाही. आधी जिल्हा रुग्णालयात पॅलिएटिव्ह केअरची (बऱ्या न होणाऱ्या आजारात त्रास कमी करणाऱ्या सेवेची) चौकशी करा, मग उपचार चालू असलेल्या कॅन्सर रुग्णालयात. निघण्यापूर्वी फोन करून साठा आहे का ते विचारा. सकाळच्या एसटीने सहा तास घालवून "आज नाही" ऐकायला लागू नये.

सोबत रुग्णाची फाइल, ताजी चिठ्ठी, रुग्णाचं आणि नेणाऱ्याचं ओळखपत्र, आधीच्या रिकाम्या स्ट्रिप आणि तक्ता न्या. रिकाम्या स्ट्रिप बघून हिशोब जुळला की पुढचा साठा देताना खळखळ होत नाही.

आता हिशोब. दिवसाला ६ गोळ्या, चौदा दिवसांच्या ८४. रोजच्या दोन जादा धरल्या तर २८ आणखी, एकूण ११२. हातात सात दिवसांच्या उरल्या की पुढच्या आणायला निघायचं, शेवटची स्ट्रिप उघडल्यावर नाही. जून ते सप्टेंबर या हिशोबात आणखी एका आठवड्याची भर घाला आणि डॉक्टरांना तसं सांगून चिठ्ठी लिहून घ्या. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर उत्तर किनाऱ्यावरच्या गावांत वीज दीर्घकाळ नव्हती. २२ जुलै २०२१ ला चिपळूण पाण्याखाली गेलं. दरड आली की घाट बंद, साकव वाहून गेला की वाडी बंद, आणि दुखणं काही वाट पाहत नाही. गणपतीच्या दिवसांत रेल्वे आणि एसटी भरलेल्या असतात. गावी येणाऱ्या चाकरमान्याच्या हातून औषध मागवायचं तर चिठ्ठीची प्रतही त्याच्या खिशात हवी.

गोळ्या कडीकुलपात ठेवा. घरात पोरं असतात, दारुडाही असू शकतो.

फेन्टॅनिलची पट्टी उन्हाळ्यात निघून येते. काय करावं?

ही मॉर्फिनच्या जातीच्या औषधाची, कातडीवर चिकटवायची पट्टी. छातीवर किंवा पाठीवर, केस नसलेल्या, कोरड्या जागी लावा. साबण, तेल, पावडर नको. नुसत्या पाण्याने पुसून पूर्ण वाळू द्या, मग तळव्याने ३० सेकंद दाबून धरा. घामाने कडा सुटत असतील तर चारी बाजूंनी औषधाच्या दुकानातली चिकटपट्टी लावा, पण पट्टी गुंडाळून झाकू नका. रुग्ण पट्टी ओढून काढत असेल तर पाठीवर, म्हणजे हात पोचत नाही.

पट्टी ७२ तासांची. बदलायची तारीख आणि वेळ तिच्यावरच पेनाने लिहा. पहिल्या पट्टीचा असर यायला १२ ते २४ तास लागतात, तोवर आधीचं औषध कसं द्यायचं ते विचारून घ्या. काढल्यानंतरही औषध कातडीतून झिरपत राहतं. शेक, गरम पाण्याची पिशवी, चुलीशेजारी बसणं, कडक ऊन आणि ताप यांनी पट्टीतलं औषध भराभर अंगात शिरतं. ताप १०२ च्या वर गेला तर डॉक्टरांना सांगा. आधी मॉर्फिन न घेतलेल्या माणसाला थेट पट्टी लावायची नाही. जुनी पट्टी चिकट बाजू आत करून दुमडा आणि लहान मुलं, कोंबडी, कुत्रा पोचणार नाही अशा जागी ठेवा.

गोळी गिळवत नाही. चुरडून देऊ का?

कुठली गोळी, त्यावर अवलंबून आहे. नावापुढे एसआर, एक्सआर, ईआर, सीआर, एमआर असं काही असेल तर हात लावू नका. त्या गोळीत बारा किंवा चोवीस तासांचं औषध भरलेलं असतं, चुरडली की सगळं एकदम सुटतं. मॉर्फिनच्या एसआर गोळीत तर हे जिवावर बेतू शकतं. पॅन्टोप्राझोल आणि बिसाकोडिलवर आवरण असतं, ते मोडलं की औषध वाया किंवा पोटाला त्रास. बहुतेक वेळा त्यांना पातळ औषधाचा किंवा वडीचा पर्याय असतो.

साध्या गोळीची रीत अशी. स्टीलचे दोन चमचे घ्या, गोळी एकात ठेवून दुसऱ्याच्या पाठीने दाबा. खलबत्ता वापरू नका, मसाल्याचा वास आणि कण त्यात जातात आणि थोडं औषध तळाला चिकटून राहतं. पीठ झालं की चमचाभर गार पेजेत किंवा नाचणीच्या सत्वात मिसळा. वाटीभर पेजेत नको, अर्धी वाटी उरली की किती औषध पोटात गेलं हे कळत नाही. रुग्ण उशांच्या आधाराने ताठ बसलेला, हनुवटी किंचित खाली. आधी ओल्या बोळ्याने तोंड भिजवा, कोरड्या जिभेला पीठ चिकटून राहतं. मग अर्धा तास आडवं करू नका.

नाकातून नळी आहे. औषध कसं सोडायचं?

एकेक औषध स्वतंत्र. प्रत्येकाआधी आणि नंतर १५ ते ३० मिलि कोमट पाण्याने नळी धुवा. दोन औषधं एकाच सिरिंजमध्ये मिसळली की कधी कधी दही लागल्यासारखं होतं आणि नळी बंद. फिट्सचं फेनिटोइन असेल तर जेवण आणि औषध यांत अंतर किती, ते विचारा, कारण नळीच्या जेवणाबरोबर त्याचं शोषण खूप कमी होतं. नळी तुंबली तर तारेने टोचू नका, कोमट पाणी भरून हळूहळू मागेपुढे ओढा.

पावसात औषधं दमट होतात. फ्रिज नाही, कुठे ठेवायची?

गोळ्या स्ट्रिपमधून काढून ठेवू नका. प्लास्टिकच्या खानेवार डब्यात आठवड्याच्या गोळ्या भरून ठेवायची पद्धत शहरात चालते. इथे जुलैत चौथ्या दिवशी गोळीवर डाग पडतात किंवा ती मऊ होते. स्ट्रिपच कात्रीने अशी कापा की प्रत्येक गोळीभोवती आवरण राहील, आणि कापलेले तुकडे डब्यात घाला. घट्ट झाकणाचा स्टीलचा किंवा प्लास्टिकचा डबा, आत औषधाच्या बाटलीतून निघालेली सिलिका जेलची पुडी. स्वयंपाकघरात, चुलीवरच्या फळीवर किंवा खिडकीत नको. माजघरातलं भिंतीतलं कोनाडं बरं, पण भिंत पाझरत नसेल तर. उन्हाळ्यात पत्र्याच्या खोलीपेक्षा कौलारू बरी.

फ्रिज लागणारी औषधं मोजकीच. न उघडलेलं इन्सुलिन आणि लोराझेपॅमचं इंजेक्शन. वापरायला काढलेलं इन्सुलिन साधारण २८ दिवस सावलीत गार जागी टिकतं. मडक्यात ओल्या वाळूत ठेवायचा उपाय देशावर चालतो तितका इथे चालत नाही: हवाच दमट असली की पाणी उडत नाही, मडकं गार होत नाही. एप्रिल-मेमध्ये थोडा उपयोग होतो, श्रावणात नाही. शेजारच्या फ्रिजमध्ये ठेवणार असाल तर डब्यावर नाव लिहा आणि बर्फाच्या कप्प्यात ठेवू नका, गोठलेलं इन्सुलिन वाया जातं. मऊ पडलेली गुदद्वाराची वडी गार पाण्यात पाच मिनिटं ठेवली की परत कडक होते.

शेवटच्या दोन-तीन दिवसांत तोंडाने काहीच जाणार नाही. तेव्हा काय?

याची तयारी तो दिवस उजाडायच्या आधी करावी लागते. त्या दिवशी रात्री अकराला मेडिकल उघडं नसतं. डॉक्टरांशी बोलून एक लिफाफा करून ठेवा. त्यात चार तक्रारींची औषधं असतात: दुखणं आणि धाप यांसाठी मॉर्फिन, घाबरेपणा आणि तळमळीसाठी मिडाझोलॅम, मळमळ आणि भ्रमासाठी हॅलोपेरिडॉल, घशातल्या घरघरीसाठी ग्लायकोपायरोलेट किंवा हायोसिन. प्रत्येकावर "कशासाठी, किती, किती तासांनी, कोणाला विचारून" असं मराठीत लिहिलेलं. लिफाफ्याच्या तोंडावर रात्री फोन उचलणाऱ्या डॉक्टर-नर्सचा नंबर.

ही औषधं शिरेत द्यायची गरज नसते. फुलपाखरू सुई, २३ किंवा २४ नंबरची, दंडावर, छातीवर गळ्याच्या हाडाखाली किंवा पोटावर कातडीखाली ठेवली जाते. नर्स किंवा शिकलेली माणसं बसवतात. त्याच सुईतून घरची माणसं ठरवलेला डोस देऊ शकतात. एका वेळी २ मिलिपेक्षा जास्त नको. जागा लाल झाली, सुजली, दुखली की सुई दुसरीकडे. नाहीतर तीन ते सात दिवसांनी बदलतात. डायझेपॅम या वाटेने देत नाहीत, कातडी जळते. सुईचीही सोय नसेल तर साध्या मॉर्फिन गोळीचं पीठ चार थेंब पाण्यात कालवून गालाच्या आत सोडतात, तोंड आधी ओलं करून. त्याचा फायदा थोडा हळू होतो.

घरघर ऐकून घरचे कासावीस होतात, रुग्णाला बहुधा त्याचा त्रास नसतो. त्याला कुशीवर वळवा. औषध नवा स्राव थांबवतं, आधी साचलेला नाही, म्हणून लवकर सुरू केलं तर उपयोग. घशात खोल नळी घालून ओढू नका.

सलाईन लावा असं सगळे म्हणतात.

या टप्प्यात तहान जीभ-ओठ कोरडे पडल्याने लागते. सलाईनने ती भागत नाही. मंद हृदय आणि थकलेली किडनी यांना एक लिटर पाणी पेलत नाही, मग पाय सुजतात, छातीत पाणी साचतं आणि घरघर वाढते. दर दोन तासांनी ओल्या बोळ्याने तोंड पुसणं, ओठांना खोबरेल तेल किंवा तूप लावणं, मनात असेल तर चमचाभर सोलकढीचं पाणी चाखवणं, याने माणूस जास्त शांत होतो. गावच्या डॉक्टरांनी नाही म्हटलं तरी कोणीतरी बाहेरून माणूस आणून बाटली लावून जातो, हे थांबवायला कुटुंबातल्या थोराने आधीच ठरवून ठेवावं.

गावठी औषध, काढा सोबत चालू ठेवला तर?

डॉक्टरांना सांगून. गुळवेलीच्या काढ्याने यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत, भस्मांत जड धातू असू शकतात. ओव्याची धुरी, तेलाचं मालिश, अंगारा, जप यांना कोणाची हरकत नाही.

गुंगीत आहेत. मॉर्फिन जास्त झालं की वेळ जवळ आली?

मॉर्फिन जास्त झालेल्याचा श्वास संथ असतो, मिनिटाला आठपेक्षा कमी. बाहुल्या टाचणीच्या डोक्याएवढ्या, हलवूनही जाग येत नाही. किडनी मंदावली तर आधी हातपाय झटके मारतात, माणूस नसलेलं बघतो, हवेत काही धरू पाहतो. हे दिसलं तर पुढचा डोस थांबवून फोन करा. मरण जवळ आलेल्याचा श्वास मात्र लयीत वर-खाली होतो: भरभर, मग मंद, मग वीस-तीस सेकंद थांबलेला, मग पुन्हा सुरू. हातपाय गार, गुडघे निळसर, लघवी थोडी. हा फरक मोजूनच कळतो. घड्याळ समोर धरून पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नका, थांबलेला श्वास त्यात सापडत नाही.

मुंबईचा भाऊ फोनवर वेगळंच सांगतो.

भिंतीवरच्या तक्त्याचा फोटो रोज रात्री घरच्या ग्रुपवर टाका आणि डॉक्टरांचा फोन लावायचा माणूस एकच ठेवा. ई-संजीवनीवर (डॉक्टरांशी घरबसल्या बोलायची सरकारी सोय) बोलणं ठेवलंत तर भावालाही सोबत बसवा, त्याच्या शंका त्याने डॉक्टरांनाच विचाराव्यात.

उरलेल्या गोळ्यांचं काय करायचं?

मॉर्फिन, फेन्टॅनिल, ट्रॅमाडॉल, झोपेच्या गोळ्या जिथून आणल्या तिथे परत करा, मोजून, आणि परत केल्याची नोंद करून घ्या. शेजारच्याला "तुमच्याही आईला दुखतंय ना" म्हणून देऊ नका: तिचा डोस वेगळा, तिची किडनी वेगळी. विहिरीत, खाडीत, उकिरड्यावर टाकू नका, ढोरं खातात. सुया झाकणाच्या जाड प्लास्टिकच्या बाटलीत भरून उपकेंद्रात द्या. बाकीच्या न उघडलेल्या स्ट्रिप घ्यायला कुठलं रुग्णालय तयार आहे का, ते आशाताईला माहीत असतं, तेराव्यानंतर निवांतपणे विचारा.